डाळीच्या डब्यातले ३४० रुपये : काळाचौकीतल्या एका घराची नऊ महिन्यांची काटकसर

काळाचौकीच्या आमच्या चाळीत गेली सोळा वर्षं मी बायकांची भिशी चालवते. बारा जणी, महिन्याला २,००० रुपये, वर्षातून एकदा प्रत्येकीचा नंबर. भिशीची वही जिच्या हातात असते तिला कुणाच्या घरात ओढाताण चाललीय हे न सांगता कळतं, असं मला वाटायचं. या घराने माझा तो समज मोडला. जुलै ते सप्टेंबर २०२४, तिन्ही महिने त्यांचे पैसे एक तारखेला माझ्या हातात आले. एकदाही उशीर नाही. आणि त्याच तीन महिन्यांत ते घर कर्जात रुतत होतं.

त्या घराने आपली वही मला वाचू दिली आणि लिहायलाही परवानगी दिली, म्हणून हे लिहिते. नावं देत नाही. घरात पाच माणसं: आजी वय ७६, मुलगा आणि सून दोघं चाळिशीच्या आतबाहेर, नातू नववीत, नात चौथीत. सव्वादोनशे चौरस फुटांची पागडीची खोली. ही पागडी महत्त्वाची, कारण त्यामुळे त्यांचं भाडं नगण्य आहे. हेच कुटुंब नालासोपाऱ्यात किंवा दिव्यात भाड्याने राहत असतं, तर पुढचं सगळं गणित वेगळं झालं असतं.

सुनेचा नवरा पॅकेजिंगची छपाई करणाऱ्या एका युनिटमध्ये अकरा वर्षं सुपरवायझर होता. हातात ३८,००० यायचे. जून २०२४ च्या अखेरीस युनिट बंद झालं. सून फॉल-पिको आणि ब्लाउज शिवून महिन्याला साधारण ४,००० मिळवायची. म्हणजे आवक ४२,०००, खर्च ४०,९००. दर महिन्याला हजार रुपये शिल्लक, आणि बँकेत २६,००० साठलेले. असं घर वरून पाहिलं तर ठीकच दिसतं.

पहिले तीन महिने

नोकरी गेली हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यात लपवाछपवी नव्हती. लपवाछपवी झाली ती काटकसरीत. प्रत्येकाने आपापल्या मनाशी ठरवलं की मी थोडं कमी करीन, पण कुणाला कळू द्यायचं नाही.

सून सगळ्यांना वाढून शेवटी बसायची आणि कालवण संपलं म्हणून चटणी-पोळी खायची. नवऱ्याने पंधरवड्याचा किराणा क्रेडिट कार्डावर टाकायला सुरुवात केली, म्हणजे बायकोला रोख कमी पडलेली दिसू नये. स्वस्त मिळतो म्हणून ऑगस्टात त्याने २५ किलो तांदळाची गोणी आणली. भर पावसाळ्यात, दमट खोलीत, पलंगाखाली ठेवलेली. तीन आठवड्यांत किडे झाले. गॅलरीत वाळत घालायला ऊनही नव्हतं. निवडून निवडून अर्धी गोणी वापरात आली.

नातवाला शाळेत वडापावसाठी रोज २० रुपये मिळायचे. तो ते खर्च करत नव्हता. उपाशी घरी यायचा आणि भूक नाही म्हणायचा.

आणि आजी. आजींनी रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. कुणाला बोलल्या नाहीत. त्यांचा हिशेब साधा होता: महिन्याला २,२०० ची औषधं, निम्मी घेतली तर हजारभर वाचतील.

इतकं सगळं करून वाचलं किती? मी नंतर त्यांच्याबरोबर बसून जुळवलं. महिन्याचा खर्च ४०,९०० वरून ३८,००० च्या आसपास आला होता. पाच माणसं मन मारून राहिली आणि महिन्याला वाचले २,९०० रुपये. कारण ज्याला त्याला आपल्या हातातलंच तेवढं कमी करता येत होतं. इंटरनेट, केबल, तीन फोनांचे पॅक, दोन विषयांची शिकवणी, फोनवरून मागवलेलं खाणं, यातलं काहीही बंद करायचं तर चौघांसमोर बोलावं लागतं, आणि तेच कुणाला नको होतं. त्यात जुलै २०२४ मध्ये मोबाईल कंपन्यांनी दर वाढवले. गणपतीही नेहमीसारखेच आणले. आरास, पाहुण्यांचं जेवण, दीड-दीड किलोचे पेढे असे ९,००० त्यात गेले, तेही कार्डावर. श्रद्धेवर बोट ठेवण्याचा माझा हेतू नाही. माझ्याही घरी गणपती येतात. पण त्या वर्षी आरास लहान केली असती, तर चाळीला काहीतरी कळेल, ही भीती होती. खर्च त्या भीतीचा होता.

तीन महिन्यांची तूट १,०२,०००. ती भागवायला कंपनीने हिशेबाचे दिलेले ४५,००० गेले, बँकेतले २६,००० गेले आणि कार्डावर ३१,००० चढले.

ही लाज कुठून येते याचा मी पुष्कळ विचार केलाय. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार, त्यात माझे वडील. आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरातला पगार एकाच दिवशी थांबला होता. कण्या शिजवलेल्या कुणी लपवल्या नाहीत, कारण शेजारच्या घरातही कण्याच शिजत होत्या. आई खानावळ चालवणाऱ्या बाईकडे पोळ्या लाटायला जायची, ते सगळ्यांना माहीत होतं. हाल झाले, फार झाले, पण कुणी एकट्याने सोसले नाहीत. आता नोकरी जाते ती एका घरातली. बाकीच्या दारांवर तोरणं असतात, एसीचं पाणी ठिबकत असतं, आणि त्या एका घराला वाटतं की आपणच नापास झालो.

१९ सप्टेंबर

विसर्जन होऊन दोन दिवस झाले होते. आजी सकाळी नळावरून परतताना गॅलरीत चक्कर येऊन पडल्या. जवळच्या नर्सिंग होममध्ये एक रात्र ठेवलं. बिल ४,७०० झालं. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्यविमाही गेला होता, म्हणून तेही खिशातून. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या वेळेवर घेता ना? आजी म्हणाल्या, हो. घरी आल्यावर सुनेने पट्टी पाहिली. वीस दिवसांत दहा गोळ्या गेल्या होत्या.

त्याच संध्याकाळी वरणासाठी तूरडाळ काढताना डब्याच्या तळाला तिच्या बोटांना कागद लागला. दहा-वीसच्या नोटा, चार-चार घड्या घातलेल्या, डाळीच्या पिठाने पांढुरक्या झालेल्या. ३४० रुपये. आधी तिला वाटलं आपणच कधीतरी ठेवले असतील. आमच्याकडे बायका डाळीच्या डब्यातच पैसे ठेवतात. मग लक्षात आलं की आपण इतक्या बारीक घड्या घालत नाही. नातू रोजचे २० रुपये आईच्या जागी नेऊन ठेवत होता.

ती डबा तसाच घेऊन माझ्या दारात आली. "काकी, घरात मी सोडून सगळ्यांनी काहीतरी सोडलंय, आणि मला पत्ता नाही," एवढंच म्हणाली. ती स्वतः काय सोडत होती ते तिच्या मनगटावर दिसत होतं. बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या.

सगळ्यांनी बसून

रविवारी आम्ही त्यांच्या खोलीत बसलो. पोरांनाही बसवलं. नवऱ्याला ते पसंत नव्हतं, "मुलांना कशाला?" असं तो दोनदा म्हणाला. मी म्हटलं, मुलगा कितीतरी दिवस उपाशी शाळेतून येतोय, त्याला तुझ्याआधी कळलंय. एकेकाने काय काय सोडलं ते सांगितलं. आजी सांगताना रडल्या नाहीत, उलट चिडल्या: "माझ्या गोळ्यांवर तुमचे पैसे का जावेत?" मग एक गोष्ट ठरली: यापुढे कुणीही एकट्याने काहीही सोडायचं नाही. सोडायचं ते वहीत लिहून. वही ओट्याच्या वरच्या खिळ्याला टांगली, पेन दोऱ्याने बांधलं.

पहिलं काम कार्डाचं. भाजीच्या जुडीत दोन रुपये वाचवण्याआधी इथे हात घालायला हवा होता, हे माझं ठाम मत आहे. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. ३१,००० वर महिन्याचं व्याज १,०८५, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, मिळून १,२८०. आणि "किमान रक्कम" म्हणून नवरा भरत होता १,५५०. म्हणजे मुद्दलातून जेमतेम २७० उतरत होते. शिवाय आधीची बाकी राहिली की नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही. आणलेल्या तेलावर, साखरेवर पहिल्या दिवसापासून व्याज. हे त्याला माहीत नव्हतं. पुष्कळांना नसतं.

त्याच वेळी त्याचा पीएफ ८.२५ टक्क्यांनी पडून होता. "ते म्हातारपणचे पैसे, त्यांना हात लावायचा नाही," हा त्याचा हट्ट. एरवी मी त्याच्याच बाजूने बोलले असते. पण एका हाताने सव्वाआठ टक्के मिळवायचे आणि दुसऱ्या हाताने बेचाळीस द्यायचे, यात म्हातारपणही उरत नाही. तेव्हाच्या नियमाने नोकरी सुटून एक महिना झाला की ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येत होती. पाच वर्षांहून जास्त सलग नोकरी असल्याने त्यावर करही नव्हता. त्याने ९०,००० काढले, जास्त नाही.

आणि भिशी. त्यांचा नंबर फेब्रुवारीत होता. मी ऑक्टोबरचा नंबर असलेल्या बाईला विचारलं. तिने एका शब्दात बदलून दिला. वर म्हणाली, "आधी का नाही सांगितलंत?" २४,००० भिशीचे आणि पीएफमधले ७,००० घालून कार्ड पूर्ण फेडलं आणि कात्रीने कापलं. कात्री नातीच्या हातात दिली होती.

चुलीपाशी

आता स्वयंपाकघर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण काटकसर म्हटलं की लोक इथेच येतात आणि इथेच जास्त चुकतात.

सिलिंडर २८ दिवस जायचा. मुंबईत तेव्हा तो ८०२ रुपये ५० पैशांना होता. दोन दिवस मी त्यांची चूल पाहिली. स्वयंपाक फार नव्हताच. पाच जणांच्या आंघोळीचं पाणी गॅसवर तापत होतं, तेही पावसाळ्यात, जेव्हा मुंबईच्या नळाचं पाणी कोमटच असतं. ते आजींपुरतं ठेवलं. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून एकाच कुकरमध्ये वर-खाली डबे लावून, शिट्टी झाली की आच बारीक. छोले-राजमा रात्रभर भिजवलेले. चहा दिवसातून चारदा व्हायचा तो दोनदा, एकत्र. सिलिंडर ४१ दिवसांवर गेला. यातलं निम्म्याहून जास्त श्रेय आंघोळीच्या पाण्याचं.

भाजी रात्री साडेआठनंतर, स्टेशनजवळच्या भाजीवाल्या उठायच्या बेतात असतात तेव्हा. वाटे लावलेले असतात, एका वाट्यात चार जास्त पडतात. मात्र पालेभाजी त्या वेळी घेऊ नये, निम्मी फेकावी लागते. ती सकाळीच घ्यावी. दुधीच्या सालींची आणि दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात, शिळ्या पोळीचा कुस्करा, सायीचं तूप आणि बेरीत गूळ. यात नवीन काही नाही, आजींना सगळं येत होतं. कुणी त्यांना विचारलं नव्हतं. त्या सभेनंतर आजी पुन्हा ओट्याशी उभ्या राहिल्या, आणि माझ्या मते त्या घराला याचा फायदा पैशांपेक्षा जास्त झाला.

सुरमई-पापलेट बंद. मांदेली, बांगडा, आणि बुधवारी सुका जवळा कांदा-आमसूल घालून. नोव्हेंबरात कांदा कडाडला तेव्हा जवळ्यातला कांदा निम्मा झाला आणि वांगं आलं. १४ सप्टेंबरपासून केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं होतं, त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर तेल महागलं. चकली-शेव त्या वर्षी एकेकच घाणा, बाकी रव्याचे लाडू आणि भाजक्या पोह्यांचा चिवडा. दिवाळीनंतर आजी आणि सून गावी जाऊन आल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत, बायकांना अर्धं तिकीट. येताना नवा तांदूळ, कुळीथ आणि आमसुलं आणली. डिसेंबर-जानेवारीत आठवड्याला दोनदा कुळथाची पिठी. फराळ आणि हा प्रवास यांचे मिळून ३,००० पीएफमधून वेगळे काढले होते.

दुधात माझं चुकलं. दीड लिटरचं मी एक लिटर करायला सांगितलं. वहीत ते छान दिसलं, महिन्याला ९६० वाचले. पण घरातल्या बायकांची सवय अशी की कमी दूध म्हणजे सुनेचा आणि आजीचा चहा कोरा होतो, आणि नातीचा पेला हळूहळू पाण्याने भरतो. जानेवारीत ते लक्षात आल्यावर एक दिवसाआड अर्धा लिटर परत सुरू केलं. वाढत्या पोरीच्या दुधाला मी आधी हात लावायला नको होता.

बाकीचं

ऑक्टोबरचा खर्च २५,२६० वर आला. म्हणजे जूनच्या तुलनेत १५,६४० कमी. त्यात स्वयंपाकघराचा वाटा साधारण पाच हजारांचा, एक तृतीयांशाहून कमी. उरलेलं कुठून आलं? बाहेरून मागवलेलं खाणं ३,२०० वरून २००. हे २०० मी हट्टाने ठेवले, रविवारी पाच वडापावांसाठी, आणि नातवाचा वडापाव आधी. फोन-इंटरनेट १,९०० वरून ७५०. शिकवणी दोनऐवजी एकाच विषयाची, गणिताची. घरी कपडे धुवायला बाई यायची ती बंद, आणि "इतर" या नावाखाली जाणारे ३,००० लिहायला लागल्यावर ९०० झाले.

आजींच्या औषधांबद्दल वेगळं सांगते. केईएम रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढला, तिथल्या डॉक्टरांना विचारून त्याच घटकांच्या जेनेरिक गोळ्या जनऔषधी केंद्रातून घेतल्या. २,२०० ची औषधं ७०० वर आली. एकही गोळी कमी न करता. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्न न पाहता आयुष्मान भारत योजनेखाली ५ लाखांचं संरक्षण मिळू लागलं. ते कार्डही काढून घेतलं. रोज रात्री नात आजीला गोळी देते आणि वहीत बरोबरची खूण करते.

नवरा आयुर्विम्याचा हप्ता थांबवायला निघाला होता. तो मी थांबवू दिला नाही. मिळवता माणूस एकच आणि तोही रात्रपाळ्या करणार, अशा वेळी टर्म विमा सोडणं म्हणजे छप्पर विकून भिंत रंगवणं. रेशनचा उपयोग झाला नाही: कार्ड केशरी, आणि शहरात प्राधान्य यादीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,०००, तेव्हा जुन्या पगारावर धान्य सुरू नव्हतं.

ऑक्टोबरपासून त्याने वडाळ्याच्या एका गोदामात माल तपासण्याचं काम धरलं, १२,०००. बेस्ट बसचं किमान भाडं तेव्हा ५ रुपये होतं, त्यामुळे येण्याजाण्यात फार गेलं नाही. चाळीला कळलं होतंच, तेव्हा बायका शिवण सुनेकडेच टाकू लागल्या. तिचे ४,००० चे ६,५०० झाले. तरी महिन्याला पावणेसात हजारांची तूट राहिली, ती पाच महिने पीएफच्या पैशांतून भरली.

मार्च २०२५ मध्ये त्याला महापेच्या एका कारखान्यात काम लागलं, पगार ३१,०००. पूर्वीपेक्षा ७,००० कमी. पीएफमधले ४५,००० च्या आसपास शिल्लक होते, ते मुदत ठेवीत टाकले. ३० मार्चला पाडवा होता. त्या दिवशी वहीत सुनेच्या अक्षरात दोनच ओळी आहेत: "दूध रोज दीड लिटर. चहा सगळ्यांचा दुधाचा." इंटरनेट अजून बंदच आहे, शिकवणी अजून एकच. डाळीच्या डब्यातले ३४० तिने मुलाला परत दिले नाहीत. त्यात १६० घालून त्याच्या नावाने ५०० ची आवर्ती ठेव सुरू केली, आणि दर महिन्याचा हप्ता वहीत तोच लिहितो.